घड्याळजींचा जुना लेथ घरी पूर्ववत करताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

माझ्याकडे येणारे घड्याळजींचे छोटे लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातण्याची यंत्रे) उघडून पाहिले की बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते. लेथचे खरे नुकसान माळ्यावर पडून राहिलेल्या वीस-तीस वर्षांत झालेले नसते. तो खाली काढल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत झालेले असते. हौसेने पॉलिश पेपर आणला जातो, बेड (ज्यावर बाकीचे भाग बसतात तो आडवा दांडा) आरशासारखा घासला जातो, घट्ट बसलेला स्पिंडल (काम फिरवणारा पोकळ आस) हातोडीने ठोकून काढला जातो आणि महिन्याभराने कॉलेटमध्ये (काम धरणाऱ्या, काप दिलेल्या नळीत) धरलेली तार नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी डुलते म्हणून यंत्र माझ्या टेबलावर येते. तोपर्यंत परत मिळवता येणार नाही असे बरेच काही गेलेले असते.

हा लेख ८ मि.मी. कॉलेटच्या लेथला समोर ठेवून लिहिला आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या दुकानांतून निघणारे बहुतेक लेथ याच मापाचे असतात. बोली, लॉर्श, वुल्फ यान किंवा त्यांच्या धाटणीचे इतर बनावटीचे लेथ असोत, बेड चापट माथ्याचा व तिरप्या कडांचा असो की एका बाजूने सपाट केलेल्या गोल दांड्याचा असो, कामाचा क्रम तोच राहतो.

काम सुरू करण्यापूर्वी एक फरक मनात पक्का असावा. यंत्रावर काही जागा दोन भाग एकमेकांवर बसण्याच्या असतात: स्पिंडलचे शंकू (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे निमुळते भाग), कॉलेट बसते ते तोंड, बेडचा माथा व कडा, टेलस्टॉकचा (बेडवर सरकणाऱ्या उजवीकडच्या आधाराचा) तळ. बाकीच्या जागा केवळ दिसण्याच्या असतात. दिसण्याच्या जागांवर कमी-अधिक झाले तरी चालते. बसण्याच्या जागांवरून धातूचा एक थरही आपल्या हाताने जाता कामा नये. पुढचे सगळे टप्पे या एका भेदावर उभे आहेत.

टप्पा १: ऋतू, जागा आणि साहित्य

हे काम दसऱ्यानंतर सुरू करून वळवाच्या पावसाआधी संपवावे. बेळगाव शहरात आणि त्याहून अधिक खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की तेल पुसलेल्या उघड्या पोलादावर एका रात्रीत तांबूस छटा येते. निपाणी-चिकोडीकडे हवा त्या मानाने कोरडी असली, तरी पावसाळ्यात सुटे केलेले यंत्र आठवडाभर उघडे ठेवण्याचे धाडस तिथेही करू नये.

जागा परसात किंवा पडवीत हवेशीर असावी, परंतु टेबल भिंतीला टेकवलेले आणि स्थिर असावे. टेबलाच्या कडेला उंच काठाचे पांढरे ताट ठेवावे, कारण खाली पडलेला १ मि.मी.चा स्क्रू शहाबादी फरशीच्या सांध्यात गेला की तो सापडत नाही.

साहित्यात सर्वांत महत्त्वाचा आहे ०.००२ मि.मी. वाचणारा लिव्हर डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक) आणि त्याचे चुंबकी स्टँड. तो विकत घेणे शक्य नसेल तर ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन दिवसांसाठी मागून आणावा; उद्यमबाग आणि मच्छे या बेळगावच्या औद्योगिक भागांत असा डायल नसलेले मशीन शॉप विरळाच. त्याखेरीज मायक्रोमीटर, दहापट भिंग, पात्याची टोके घासून खाचेत नेमकी बसतील अशी केलेली स्क्रूड्रायव्हरची जोडी, बांबूच्या काड्या, पितळी तारेचा मऊ ब्रश, जुने धुतलेले सुती कापड, झाकणाच्या डब्या आणि एक वही लागते. धुण्यासाठी रॉकेल चांगले, पण ते आता सहज मिळत नसल्याने रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन वापरावे. तेल म्हणून पातळ स्पिंडल ऑइल घ्यावे. ते मिळाले नाही तर चांगल्या प्रतीचे शिलाई मशीनचे तेल चालते.

इशारा: पेट्रोलने भाग धुऊ नयेत. शेगडी, देवघरातला दिवा, मोटरच्या कार्बनमधून उडणारी ठिणगी, यांपैकी काहीही त्याच्या वाफेला पुरेसे असते.

इशारा: लेथबरोबर जुन्या टेबलाचे खण आले असतील तर त्यांतील अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या व तबकड्यांच्या डब्या उघडून खरवडू नयेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशा रंगात रेडियम असे. रंगाची चमक गेली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग जात नाही, आणि त्याची धूळ श्वासातून शरीरात जाणे सर्वांत घातक. खणातील धूळ कोरड्या ब्रशने न उडवता ओल्या कापडाने टिपावी. चिठ्ठी नसलेल्या बाटल्यांचे बूचही उघडू नये.

टप्पा २: हात लावण्याआधी मोजणी

सर्वाधिक वेळा वगळला जाणारा टप्पा हाच. यंत्र मळलेले असताना कशाला मोजायचे, असे वाटते. परंतु सुटे करण्यापूर्वीचा आकडा हाती नसेल, तर पुढे दिसणारा दोष जुना आहे की आपण निर्माण केला, हे कधीच कळत नाही.

प्रथम चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नंतर बेड, हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा डावीकडचा भाग) आणि टेलस्टॉकवर ठोकलेले आकडे शोधावेत. अनेक बनावटींत तिन्ही भागांवर एकच क्रमांक असतो किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे असतात, कारण कारखान्यात ते भाग एकमेकांशी जुळवून घासलेले असत. क्रमांक वेगवेगळे निघाले तर टेलस्टॉक दुसऱ्या लेथचा आहे असे धरून चालावे आणि त्याच्या उंचीविषयी पुढच्या तपासणीत जास्त सावध राहावे.

आता स्पिंडलच्या तेलाच्या भोकांत दोन-दोन थेंब पातळ तेल सोडून अर्धा तास थांबावे. स्पिंडल हाताने फिरत असेल, तर फक्त कॉलेट बसते त्या तोंडाचा आतला तिरपा भाग कापडाने पुसून लिव्हर डायलचे टोक तिथे टेकवावे आणि स्पिंडल हाताने सावकाश एक फेरा फिरवावा. सुई जितकी हलते, म्हणजे टर्नर ज्याला ‘आउट’ म्हणतात, तो आकडा वहीत लिहावा. त्यानंतर डायल स्पिंडलच्या समोरच्या चेहऱ्यावर टेकवून स्पिंडल पुढे-मागे ढकलावा आणि लांबीतला प्ले (ढिलेपणा) लिहावा.

तपासणी: मनगटी घड्याळाच्या बॅलन्स स्टाफचे पिव्हट (डुलणाऱ्या चाकाच्या आसाचे बारीक टोक) साधारण ०.१० मि.मी. जाडीचे असते. नवा स्टाफ एकाच पकडीत कातताना थोडा आउट खपून जातो. परंतु जुन्या स्टाफचे पिव्हट पुन्हा पॉलिश करण्यासाठी धरायचे झाले, तर ०.०१ मि.मी.चा आउट म्हणजे पिव्हटच्या जाडीचा दहावा हिस्सा होतो. म्हणून स्पिंडलच्या तोंडाशी डायलची सुई जेमतेम हलली पाहिजे. ती ०.००५च्या आत असेल तर बेअरिंग उत्तम आहे आणि ते उघडताना दुप्पट काळजी घ्यावी.

टप्पा ३: सुटे करणे

बहुतेक हेडस्टॉकमध्ये पुढचा शंकू स्पिंडलशी एकजीव असतो. मागचा शंकू वेगळ्या बुशासारखा, म्हणजे आखूड नळीसारखा, असून चावीच्या (खाचेत बसणाऱ्या छोट्या पट्टीच्या) आधाराने स्पिंडलवर सरकतो आणि डाव्या टोकाच्या नटाने आत दाबला जातो. मधे पुली असते. म्हणजे स्पिंडल निघतो तो पुढच्या बाजूने, उजवीकडे. पुली आणि मागचा शंकू मागे राहतात. ही रचना समजून न घेता जो कोणी स्पिंडल डावीकडे ठोकतो, तो पुढचा शंकू त्याच्या बुशात रुतवत असतो.

क्रम असा ठेवावा. आधी ड्रॉबार (कॉलेट मागून आत खेचणारा दांडा) काढावा. मग मागच्या नटाचा लॉकस्क्रू असल्यास तो सैल करून नट काढावा आणि धूळ अडवणारी कडी बाजूला घ्यावी. नंतर पुलीचा स्क्रू पूर्ण बाहेर काढावा. नुसता सैल करून सोडू नये. यानंतर पुली एका हाताने धरून स्पिंडल डाव्या टोकाकडून अंगठ्याने दाबावा.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगणे आवश्यक आहे. शहापूरच्या एका जुन्या पेटीतून आलेल्या लेथचा स्पिंडल अंगठ्याने हलेना, म्हणून मी लाकडाचा ठोकळा लावून त्यावर हलके ठोकले. स्पिंडल निघाला, पण त्याच्या अंगावर लांबवर एक ओरखडा उमटला आणि ओरखड्याची उभी राहिलेली धार मागच्या शंकूच्या आतून खरवडत गेली. पुलीच्या भोकात भिंग लावून पाहिले तेव्हा कारण दिसले: मी काढलेल्या स्क्रूच्या खाली, त्याच भोकात, दुसरा स्क्रू होता. वरचा स्क्रू केवळ खालच्याला अडवण्यासाठी होता. पन्नास वर्षांचे सुकलेले तेल त्याच्या खाचेत भरल्याने तो भोकाचा तळ वाटत होता. तेव्हापासून पुलीचा स्क्रू काढल्यावर मी त्या भोकात टर्पेंटाइनचा थेंब सोडतो, बांबूच्या काडीने तळ कोरतो आणि चमकणारी खाच दिसत नाही याची खात्री झाल्याखेरीज स्पिंडलला हात लावत नाही.

स्पिंडल तरीही हलत नसेल तर कारण बहुधा सुकून डिंक झालेले तेल असते. हेडस्टॉक टर्पेंटाइनमध्ये दोन दिवस बुडवून ठेवावा, अधूनमधून स्पिंडल थोडा फिरवत राहावा. हेअर ड्रायरने हेडस्टॉकचे अंग हाताला सोसेल इतके गरम करणेही उपयोगी पडते, मात्र ते भाग टर्पेंटाइनमधून काढून पूर्ण सुकल्यावरच. ब्लो लॅम्प वापरू नये. कडक केलेल्या पोलादाचे पाणी उतरते आणि ते घरी परत चढवता येत नाही.

निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने डब्यांत ठेवावा आणि मागच्या शंकूची दिशा व चावीची बाजू वहीत रेखाटून ठेवावी.

टप्पा ४: मळ काढणे

मळ आणि गंज ही दोन वेगळी कामे आहेत. मळ पूर्ण निघाल्याशिवाय गंजाच्या उपायाकडे वळू नये, कारण तेलाच्या चिकट थराखाली कोणतेही द्रावण पोहोचत नाही आणि वरून डाग तेवढे पडतात.

भाग टर्पेंटाइनमध्ये भिजवून मऊ ब्रशने धुवावेत. तेलाची भोके काडीने दोन्ही बाजूंनी मोकळी करावीत. शंकू आणि बुश फक्त भिजवून, कापडाने पुसून, पुन्हा भिजवून साफ करावेत; चिकटा सुटत नसेल तर पितळेच्या पट्टीच्या कडेने हळूच उचलावा. पितळ कडक पोलादाला ओरखडू शकत नाही, एवढा त्यावर विश्वास ठेवता येतो.

इशारा: पितळी भागांवर ब्रासोसारखे पॉलिश लावायचेच असेल तर भाग पूर्ण सुटा असतानाच लावावे आणि नंतर टर्पेंटाइनने दोनदा धुवावे. अशा पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूड असते. ती आट्यांमध्ये किंवा बेअरिंगजवळ राहिली तर यंत्र चालेल तितके झिजत जाते.

टप्पा ५: गंज

भिंगातून आधी गंजाची जात ओळखावी. नुसती तपकिरी छटा असेल तर टर्पेंटाइन व तेलात भिजवलेल्या कापडाने ती पुष्कळशी उतरते. खवले धरलेले असतील तर द्रावण लागते. आणि खड्डे पडले असतील तर ते तसेच राहू द्यावेत. खड्डा म्हणजे गेलेला धातू. तो नाहीसा करायचा म्हणजे आजूबाजूचा चांगला धातूही त्या पातळीपर्यंत खाली आणायचा. बेडवरचे चार खड्डे टेलस्टॉकला त्रास देत नाहीत. त्रास देतात ते खड्ड्याभोवती वर उचललेले काठ. ते काढण्यासाठी अगदी बारीक तेलाचा सपाट दगड बेडवर आडवा ठेवून, वजन न देता, दोन-तीनदा फिरवावा. दगड उंचवट्यांनाच लागतो आणि सपाट जागेवरून घसरत जातो. तो अडखळणे थांबले की काम संपले.

खवल्यांसाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अॅसिड, पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम घालून भाग त्यात बुडवावा आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रशने पाहावे. रात्रभर विसरू नये. निकेलच्या मुलाम्याखाली गंज शिरला असेल तर मुलामा पापुद्र्यांनी सुटतो आणि उघड्या पोलादावर राखाडी डाग पडतात. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारावे, गरम पाण्याने धुवावे, लगेच सुकवावे आणि सुकताक्षणी तेल लावावे. यात पाच मिनिटांचा उशीर झाला तरी नवा तांबेरा धरतो.

बॅटरी चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात गंज काढण्याची रीतही परिचित आहे, आणि हेडस्टॉकच्या बाहेरच्या अंगासाठी किंवा बेडच्या पायासाठी ती चांगली आहे. भाग ऋण टोकाला व साधे लोखंड धन टोकाला जोडावे. स्टेनलेस स्टील धन टोकाला कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियमचे क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू निघतो म्हणून हे काम उघड्यावर, ज्योतीपासून दूर करावे.

इशारा: कॉलेट, स्प्रिंग, स्पिंडल आणि शंकू यांना आम्लात किंवा विद्युत द्रावणात घालू नये. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते. कॉलेटची पाकळी मग घट्ट करताना तुटते आणि तुटेपर्यंत वरून काहीही दिसत नाही.

बफिंगविषयी स्पष्ट लिहितो. एका गृहस्थांनी आपला बेड एका दुकानातून बफ करून आणला होता. तो देखणा दिसत होता, परंतु बेडच्या दोन्ही तिरप्या कडा गोलावल्या होत्या आणि टेलस्टॉक आवळताना प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी बसत होता. त्यावर घरी उपाय नव्हता. पुन्हा मुलामा चढवण्याचेही तेच: मुलामा कडांवर जाड आणि मधे पातळ बसतो, त्यामुळे बसण्याच्या जागा बिघडतात. उडालेला मुलामा उडालेलाच असू द्यावा आणि त्या जागी तेलाचा पातळ थर ठेवावा.

टप्पा ६: बेअरिंग बसवणे

आतापर्यंत धीर धरलेले अनेकजण इथे घाई करतात. विशेषतः गॅरेजमध्ये मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट शंकूला लावून स्पिंडल फिरवण्याचा सल्ला पुष्कळांना मिळतो. तो ऐकू नये. त्या पेस्टचे कण या बेअरिंगच्या मानाने दगडगोट्यांएवढे असतात. शंकूचा आकार तर बिघडतोच, शिवाय तेलाच्या भोकांत व खाचांत अडकलेले कण पुढे कित्येक महिने निघत राहतात.

शंकू बरोबर बसतो का हे पाहायचे असेल तर प्रशियन ब्लूचा (स्पर्शाच्या जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर, बोटाने लावून बोटानेच जवळजवळ पुसलेला, शंकूवर द्यावा. कोरड्या बुशात बसवून पाव फेरा फिरवावा आणि बाहेर काढावा. निळा रंग परिघावर सगळीकडे उमटला तर बेअरिंग चांगले आहे. एकाच बाजूला उमटला तर बुश हलले आहे किंवा त्यामागे कचरा आहे; पुन्हा साफ करून पाहावे. खरोखर झिजलेला शंकू आढळला तर तो घरी घासू नये. उद्यमबागेतील चांगल्या ग्राइंडरला दाखवता येतो, पण त्यांच्याकडील नेहमीचे काम मोठ्या मापाचे असल्याने कागदावर चित्र काढून, माप आणि चालेल तेवढा फरक मि.मी.मध्ये अंकांनी लिहून द्यावा. काम प्रत्यक्ष करणाऱ्याची भाषा कन्नड असो की मराठी, आकड्यांबाबत गैरसमज होत नाही.

बसवताना हात साबणाने धुवावेत, टेबलावर नवे पांढरे कापड घालावे आणि शंकू, बुश, चावी यांवरून शेवटचा हात धागे न सुटणाऱ्या कापडाने फिरवावा. शंकूंना तेल लावून स्पिंडल पुढून आत घालावा, वाटेत पुली आणि मागचा शंकू योग्य दिशेने ओवावा. मागचा नट सावकाश आवळत जावा आणि दुसऱ्या हाताने स्पिंडल सतत फिरवत राहावा. किंचित जडपणा जाणवला की थांबावे आणि नट केसभर मागे घ्यावा. मगच लॉकस्क्रू आवळावा. तो आवळताना नट फिरतो, म्हणून त्यानंतर पुन्हा तपासावे.

तपासणी: पट्टा न लावता पुलीला बोटाने झटका दिल्यावर स्पिंडल काही फेरे फिरून हळूहळू थांबला पाहिजे. एकदम थांबला तर तो जड आहे. आता दुसऱ्या टप्प्यात घेतलेली दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत. लांबीतला प्ले जाणवता कामा नये. आउट पूर्वीपेक्षा वाढला असेल तर जवळजवळ नेहमीच शंकूखाली एखादा धागा किंवा कण राहिलेला असतो. नट आणखी आवळून तो दोष दडपू नये, पुन्हा उघडावे.

तेलाबद्दल एक सूचना. खोबरेल तेल किंवा एरंडेल या बेअरिंगला घालू नये. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते आणि बेळगावात डिसेंबरच्या सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. एरंडेल कालांतराने डिंकासारखे होते.

टप्पा ७: कॉलेट

कॉलेटच्या तोंडावरचा आकडा मिलिमीटरच्या दशांशात असतो: १२ म्हणजे १.२ मि.मी., ३० म्हणजे ३ मि.मी. पेटीतली सगळी कॉलेट ८ मि.मी. अंगाची असली तरी त्यांचे आटे एकाच बनावटीचे असतील असे नाही. ड्रॉबार दोन-तीन फेरे मोकळा जाऊन अडला तर जोर न लावता ते कॉलेट बाजूला ठेवावे. जोर लावला की कॉलेटबरोबर ड्रॉबारचेही आटे जातात, आणि मग चांगली कॉलेटही निरुपयोगी होतात.

प्रत्येक कॉलेटचे तीन काप बांबूच्या पातळ पात्याने साफ करावेत. मागच्या बाजूने भिंगातून पाहून आत अडकलेला पितळेचा कीस काढावा. कापांची रुंदी सारखी नसेल तर कोणीतरी त्यात मोठ्या मापाचे काम कोंबलेले आहे. कॉलेटमध्ये तिच्या मापापेक्षा ०.०५ मि.मी.हून अधिक जाड किंवा बारीक काही धरू नये, आणि रिकामी कॉलेट कधीही आवळू नये.

पारखण्यासाठी ३० क्रमांकाच्या कॉलेटमध्ये ३ मि.मी. कार्बाइड ड्रिलचा नवा, गुळगुळीत दांडा धरून तोंडापासून ५ मि.मी.वर डायल लावावा. स्पिंडलचा आउट आधीच वहीत असल्याने कॉलेटचा दोष वेगळा ओळखता येतो. पेटीतली सर्व कॉलेट चांगली निघत नाहीत. चांगली कोणती हे ठाऊक असले की काम अडत नाही. दोषी कॉलेटवर खूण करून ती जाड कामांसाठी ठेवावी.

टप्पा ८: मोटर आणि वीज

जुन्या मोटरला थेट वीज देऊ नये. कापडी वेष्टणाच्या तारा वाकवल्या की भुगा होतो, तेव्हा त्या आधी बदलाव्यात. एखाद्या वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने अंगाशी इन्सुलेशन तपासून घ्यावे आणि १ मेगओहमपेक्षा कमी आले तर मोटर रिवाइंडिंगला द्यावी. पहिल्यांदा वीज देताना साध्या बल्बचा सिरीज टेस्ट लॅम्प मधे जोडावा. तीन पिनांची केबल व खरोखर जमिनीत जाणारी अर्थिंग हवी, कारण काम करणाऱ्याचे दोन्ही हात लेथच्या धातूवर असतात.

मूळ मोटर गेली असेल तर पायाने वेग कमी-जास्त करता येणारी शिलाई मशीनची मोटर चालते. मात्र तिचा वेग फार असतो, म्हणून मोटरवर लहान व लेथवर मोठी पुली ठेवावी. पट्टा जेमतेम ताणलेला असावा. जास्त ताणला तर बेअरिंगवर एकाच बाजूने भार पडतो आणि इतक्या मेहनतीने साधलेली जुळणी बिघडते.

सोबत स्टेकिंग टूल (पंच व भोकांच्या चकतीने बारीक भाग ठोकून बसवण्याचे साधन) आले असेल तर

क्रम वरच्यासारखाच. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भोकांची चकती काढण्यापूर्वी तिची जागा खुणेने नोंदवावी आणि चकतीच्या माथ्यावर पेपर घासू नये. टोकदार पंच वरून सोडून तो प्रत्येक भोकाच्या बरोबर मध्ये उतरतो का ते भिंगातून चारही बाजूंनी पाहावे. चकती आवळल्यावर पुन्हा पाहावे. माथा फुलून छत्रीसारखा झालेल्या पंचाची फुललेली कड तेलाच्या दगडाने काढावी, पण त्याच्या अंगाला आणि तोंडाला दगड लावू नये. वाकलेला पंच सरळ करण्याच्या भरीस पडू नये, तो मोडतो.

टप्पा ९: जुळवणी, चाचणी आणि साठवण

बेडचा माथा व हेडस्टॉकचा तळ दोन्ही तळहाताने पुसून बसवावेत; कापडाला न जाणवणारा कण तळहाताला जाणवतो. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकमध्ये टोकदार सेंटर घालून टोके जवळ आणावीत. मधे दाढीच्या पात्याची एक फाळ धरून टोकांनी ती हलकेच दाबावी. पाते सरळ उभे राहिले तर टोके समोरासमोर आहेत. ते वर-खाली कलले तर उंचीत फरक आहे. पुढे-मागे कलले तर टेलस्टॉक बाजूला आहे. बेडवरची जागा बदलून हीच चाचणी तीनदा करावी. फरक कायम राहिला तर आधी टेलस्टॉकचा तळ पुन्हा साफ करावा आणि मगच तो दुसऱ्या लेथचा असल्याचा निष्कर्ष काढावा.

यानंतर लेथ अगदी कमी वेगात दहा मिनिटे चालवावा. हेडस्टॉक कोमट झाला तर चालेल, चटका बसत असेल तर नट केसभर सैल करावा. बेअरिंगमधून बाहेर येणारे तेल पांढऱ्या कापडावर टिपून पाहावे. पहिल्यांदा ते काळपट येते. नवे तेल सोडत जावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत वेग वाढवू नये.

कातण्याच्या चाचणीसाठी ३ मि.मी. पितळी सळई कॉलेटमधून १२ मि.मी. बाहेर ठेवावी. स्लाइड रेस्ट (कातणी धरून सरळ रेषेत सरकवणारा भाग) असेल तर १० मि.मी. लांबीवर एक हलका काप घ्यावा आणि दोन्ही टोकांची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. ०.०१ मि.मी.च्या आत फरक असेल तर स्पिंडल स्लाइड रेस्टच्या चालीशी समांतर आहे. स्लाइड रेस्ट नसेल, हातातल्या कातणीनेच काम करायचे असेल, तर ही चाचणी हाताची होते, यंत्राची नाही. तेव्हा डायलच्या आकड्यांवरच भरवसा ठेवावा.

साठवणीत प्लास्टिकची पिशवी टाळावी. तिच्या आत दव धरते. जुन्या पेटीतील फेल्ट आणि रेक्झिनचे अस्तर ओलावा शोषून धातूशी धरून ठेवते, म्हणून ते काढून टाकावे. लेथ सुती कापडाखाली, झाकणाच्या सागवानी पेटीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावा. हात लागलेली प्रत्येक जागा उठण्यापूर्वी तेलाच्या कापडाने पुसावी, कारण घामाचे ठसे पावसाळ्यात जसेच्या तसे गंजून उमटतात.

पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडावी आणि स्वच्छ पांढरे कापड बेडच्या खालच्या बाजूने, जिथे सहसा कोणी पाहत नाही तिथे, फिरवावे. कापडावर तपकिरी रेघ उमटली तर सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत ठेवावे, बेड टर्पेंटाइनने पुसून नवे तेल लावावे आणि त्या दिवसाची तारीख वहीत डायलच्या आकड्यांखाली लिहावी.